झोप लागताना शरीराबाहेर गेल्यासारखं होतं, कोणाला दाखवू?

वय ३४, नागपूर, बुटीबोरीला फिरती शिफ्ट. दोन महिन्यांत पाचेकदा झालंय: डोळा लागता लागता कानात घूंऽऽ, अंग दगड, आणि मी छताजवळून स्वतःलाच बघतोय. एकदा कूलरवर टॉवेल दिसला. उठून पाहिलं तर तो दोरीवर होता! म्हणजे मेंदूचाच खेळ. दारू, गोळ्या, फिट्स काही नाही. कुशीवर झोपून पाहिलं, संध्याकाळचा चहा सोडला, नाइटनंतर होतंच.

२००२ मध्ये जिनिव्हात अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूत एका जागी विजेने चेतना दिल्यावर असंच झालं होतं, म्हणून आईचा लिंबू-मिरचीचा उतारा नको. आधी न्यूरो की मानसोपचार? आणि दिवसा झोपणाऱ्याची स्लीप स्टडी नागपुरात कुठे करतात?