किल्लारी भूकंपाची कात्रणं तुटायला लागलीत

प्रश्न: ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाची कात्रणं वहीत डिंकाने चिकटवलेली आहेत. घडीवर तुकडे पडतायत. लॅमिनेशन करावं का?

जुनाकागद: अजिबात नको. चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही, कागदातलं आम्लही आतच राहतं. सेलोटेपही नको. आधी दोन्ही बाजू ४०० डीपीआयवर (स्कॅनरमधली बारकाव्याची सेटिंग) स्कॅन करा. डिंक सुटत नसेल तर ओढू नका, वहीचं पानच कापून वेगळं करा. मग पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मचं पाकीट, आत कात्रणामागे आम्लरहित कागद. पीव्हीसीची पाकिटं टाळा. पत्र्याखालच्या माळ्यावर तर ठेवूच नका, उष्णतेने कागद लवकर ठिसूळ होतो.

कात्रणवाला: भूकंप पहाटे चारच्या सुमाराचा, म्हणून सविस्तर बातम्या १ ऑक्टोबरच्या अंकापासून शोधा. मिळाला तर ३०चा अंकही जपा, आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी होती, म्हणजे भूकंपाआधीचा दिवस कसा होता ते त्यात दिसेल. पाकिटातल्या आम्लरहित कागदावर वर्तमानपत्र, तारीख, पान लिहा. सास्तूर, किल्लारीसारखी गावं नंतर नव्या जागी वसली, तेव्हा फोटो जुन्या गावठाणातला की नव्या, हे नोंदवाच. मृतांचे सुरुवातीचे आकडे बदलत गेले. ते खोडू नका.

प्रश्नकर्ता: पेनाने लिहिलं तर चालेल?

जुनाकागद: पेन्सिलच, एचबी. शाई पाझरते.