अनुभव धागा: मुलाचं ऑपरेशन आणि घरचे देव

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) ज्यांचं मूल ऑपरेशनसाठी राहिलंय, त्यांना तिथला फुलांचा खुरीस, म्हणजे क्रूस, वेगळा सांगायला नको. हिंदू असो, किरिस्तांव असो, मेणबत्ती लावून पुढे जाणारे बरेच. आमच्या सासूबाई कडक सोवळ्याच्या. नातवाला आत नेलं त्या सकाळी त्यांनीच गाडी थांबवायला लावली आणि खुरसाला हार घातला. "लागींचो देव आदीं आयकता," म्हणजे जवळचा देव आधी ऐकतो, एवढंच म्हणाल्या.

बाळाच्या आतड्यात आतडं शिरलं होतं. पोट आवळून रडायचा, मध्येच गप्प पडायचा, पुन्हा सुरू. शेवटी शीतून लाल चिकट रक्त आलं. पुष्कळ मुलांचं आतडं खालून हवा किंवा सलाईन सोडून मागे सरकतं. आमचं सरकलं नाही, पोट उघडावं लागलं. त्यानंतर नाकात नळी, हाताला सलाईन आणि आतडी चालू होईपर्यंत तोंडाने काही नाही. राऊंडला येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांचा एकच प्रश्न: वारा सरला का?

झालं, सगळं घर त्या वाऱ्यासाठी देव पाण्यात घालून बसलं. मंगेशीला अभिषेक, म्हापशाच्या बोडगेश्वराला नारळ. रात्री एकदाचा आवाज आला तेव्हा बाजूच्या खाटेवरच्या बाईनेही उठून हात जोडले. देवाकडे इतकं कमी क्वचितच कुणी मागितलं असेल!

सासूबाईंनी तीर्थ आणलं होतं. सिस्टर म्हणाल्या, थेंबसुद्धा नाही. सासूबाईंनी वाद घातला नाही. बोट बुडवून त्याच्या कपाळाला लावलं आणि उरलेलं मला प्यायला लावलं. "उद्या दूध तुझंच पिणार ना तो?"

तुमच्याकडे काय झालं? कोण काय बोललं, दवाखान्याच्या नियमांत ते कसं बसवलंत, ते लिहा. नुसतं 'श्रद्धा ठेवा' नको.

पेडण्याचा बाबा
मुलाला जांघेतला हर्निया. आमच्यात मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. आई म्हणाली, प्रसाद लावून घे. ओल्या मूर्तीला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्या पोटात गोळा. डावी पडली तर? डॉक्टरांनी सांगितलं होतं, लहान मुलांचा असला हर्निया आपोआप जात नाही, आतडं अडकलं तर रात्री-बेरात्री धावावं लागेल. तोड काकांनी काढली. म्हणाले, विचारायचंच नाही, सांगायचं. देवासमोर गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकराला आम्ही डॉक्टरच्या हाती देतोय, तू पाठीशी रहा रे महाराजा!" सगळे "व्हय महाराजा" म्हणाले. तारीख होती तीच राहिली, आईचाही मान राहिला.

थिएटरात नेण्याआधी कमरेचा करगोटा कापावा लागला. आईला तेवढंच सहन झालं नाही. सिस्टरने तो कापसात गुंडाळून तिच्या हातात दिला, मग तिने स्वतःच्या मनगटाला बांधला.

मडगावची निवृत्त सिस्टर
वरच्या काकांना नमस्कार सांगा. असा एक माणूस प्रत्येक घरात हवा. बाकी माझ्याकडून एवढंच: गंडेदोरे आधीच काढून ठेवा, ऐनवेळी रडारड नको. अंगारा कपाळाला, टाक्यांजवळ नाही. वॉर्डात उदबत्ती-निरांजन बिलकुल नको, तिथे ऑक्सिजन चालू असतो. आणि उपाशी म्हणजे उपाशी. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. साधारणपणे जेवण सहा तास, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास आधी बंद. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. एका आजीने "पाणीच आहे" म्हणून चमचाभर पंचामृत पाजलं होतं. दूध, दही, तूप, मध, साखर! ऑपरेशन पुढे ढकललं.

साखळीची आई
लेकीची टाळू जन्मतः दुभंगलेली. ग्रहणात मी सुरी धरली म्हणून असं झालं, असं नात्यातल्या एका बाईने बारशालाच ऐकवलं. नंतर म्हणे कुळाचारात कसूर झाली. सर्जननी सगळ्यांसमोर सांगितलं की ग्रहणाचा काही संबंध नाही. ऑपरेशननंतर तोंडात बोटं घालू नये म्हणून लेकीच्या कोपरांना पट्ट्या बांधल्या होत्या, रात्रभर मांडीवर घेऊन देवीचं नाव घेत बसायचे. देवीकडे आजही जाते. त्या बाईकडे जात नाही.

म्हापसेकर
मी देव मानत नाही, मुलाच्या ऑपरेशनच्या वेळीही नव्हतो मानत. बायको जप करायची, शेजारीण मिलाग्रीस सायबिणीला (चर्चमधल्या मेरीमातेला) मेणबत्ती बोलून आली. खरं सांगू? हेवा वाटला. त्यांना रात्रभर करायला काहीतरी होतं, मला मोबाईल.

फोंड्याची आत्या
भाचीच्या हृदयाला छिद्र होतं. दूध पिताना घामाने डबडबायची, वजन वाढेना. बेळगावला ऑपरेशन झालं. छातीचं हाड उघडलेलं, म्हणून घरी सोडताना बजावलं: काखेत हात घालून उचलायचं नाही, एक हात मानेखाली, एक बुडाखाली, आणि काही आठवडे गर्दी टाळा. घोळ तिथेच झाला. आजीने कवळ्याच्या शांतादुर्गेला गुळाचा तुळाभार बोलला होता आणि तिला तो तेव्हाच्या तेव्हा फेडायचा होता. आम्ही नको म्हटलं, तर अबोला! शेवटी भटजींनीच समजूत घातली की देवी थांबते. थांबली. पण छिद्र बुजल्यावर पोरीने असं बाळसं धरलं की तुळाभाराला आधी आणून ठेवलेल्या ढेपा पुरेनात. "तेव्हाच केला असता तर स्वस्तात सुटलो असतो," आजी पारड्याजवळ उभी राहून ऐकवत होती, आणि दादा आणखी गूळ आणायला बाजारात पळाला.