कानबाईची गाणी ऐकल्यापासून हिशेबात मन लागत नाही. नोकरी सोडू का?

बोरीकाठ:
वय ४६. जळगावला एका डाळमिलमध्ये २२ वर्षं हिशेब बघतोय. मालक चांगले, पगार वेळेवर. पण २० तारीख आली, जीएसटीचं रिटर्न भरलं, की पुढच्या २० तारखेची वाट, असं आयुष्य चाललंय.

श्रावणात कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाला, अंमळनेरजवळच्या गावी गेलो. सुरतहून, पुण्याहून सगळी भाऊबंदकी जमली होती. रोट, गंगाफळाची भाजी, खीर. रात्री बायका गायला बसल्या. माझी फुई (आत्या) ७८ वर्षांची, तिचा आवाज अजून खणखणीत. एक गाणं झाल्यावर मला म्हणाली, "हाई मनासंगेच जाई." (हे माझ्याबरोबरच जाणार.) ते लागलं. पहाटेपर्यंत मोबाईलवर १४ गाणी घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी घड्याळ पाहिलं नाही. आता वाटतं, हेच करावं. मुलगी बारावीला आहे, घराचे हप्ते चालू आहेत. काय करू?

पांझरेकाठची:
भाऊ, राजीनामा थांबू शकतो, फुई थांबणार नाहीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर आईच्या ओव्या लिहून घेईन म्हणत राहिले. आई त्याआधीच गेली. माझ्याकडे दोन ओव्या आहेत, त्याही अर्ध्या.

एक सांगते. नुसतं समोर बसवून "म्हणा" म्हटलं तर आठवत नाही. जातं मांडून द्या. खुंटा हातात आला की ओवी येते. पंखा बंद ठेवा. प्रत्येक गाण्याला कोणाकडून शिकलात ते विचारा आणि वहीत लिहा. २०११ च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी मातृभाषा खानदेशी गटातली सांगितली, पण ही गाणी येणाऱ्या बाया तुमच्या गावात किती उरल्यात, ते मोजून बघा.

केळीबाग_रावेर:
भो, मी पुण्यातली नोकरी सोडून आलोय, म्हणून बोलतो. पाच बाय पाच फुटांवर केळीची एकरी १७४२ रोपं लावली. घड हातात यायला ११-१२ महिने. पहिल्याच वर्षी जूनच्या वादळाने घडासकट अर्धी बाग आडवी केली. त्या वर्षी घर बायकोच्या शिवणकामावर चाललं. आज सकाळी केळीची पिलं (बुंध्याशी फुटणारे कोंब) कापताना जे समाधान मिळतं ते तिकडे कधी मिळालं नाही, खरं सांगतो. पण केळीला बाजार आहे. फुईच्या गाण्यांवर हप्ता भरायची वेळ आणू नको, नाहीतर तीही २० तारखेसारखी वाटायला लागतील. रविवार दे त्यांना, पूर्ण रविवार.

बोरीकाठ:
तिघांचं एकमत होईल असं वाटलं नव्हतं, बायकोही हेच म्हणत होती. नोकरी ठेवतोय.

रविवारी गावी जाऊन आलो. माळ्यावरचं जातं उतरवलं. ताईंचं म्हणणं अगदी खरं. पाच मिनिटं फुई गप्प होती, मग मूठभर गहू घातले आणि सुरू झाली. नऊ नव्या ओव्या मिळाल्या. एकीत भाऊ म्हणून माझ्या वडिलांचं नाव आहे. ते जाऊन ११ वर्षं झाली. मला रेकॉर्डिंग बंद करून बाहेर जावं लागलं.

निघताना फुई म्हणाली, "हळदना गाना बी शेतस, पन त्याले चार बाया लागतीस." (हळदीची गाणीही आहेत, पण त्यांना चार बायका लागतील.) फुई धरून तिघी जमल्या आहेत. चौथी म्हणून बायको बसणार आहे, ती आतापासून पाठ करतेय.