सोसायटीचा सुका कचरा खासगी व्हेंडरला देतोय, पण पुढे त्याचं नक्की काय होतं?

कोथरूडकर८४
नमस्कार मंडळी. आमची १८० फ्लॅटची सोसायटी, पुण्यात. रोज शंभर किलोच्या वर कचरा निघतो म्हणून नियमांप्रमाणे आम्ही बल्क जनरेटर, म्हणजे मोठ्या प्रमाणात कचरा करणारे, ओल्याचं खत आवारातच करतो, त्याबद्दल काही तक्रार नाही. सुका मात्र वर्षभर एका खासगी व्हेंडरला देतोय, महिन्याचे पैसे देऊन, आणि तो दर महिन्याला "१०० टक्के रिसायकल" असं सर्टिफिकेट पाठवतो. गेल्या आठवड्यात सहज त्याच्या टेम्पोमागे गाडी घातली. पुठ्ठा आणि बाटल्या गोडाऊनला उतरवल्या आणि उरलेल्या गोण्या नाल्याकडेच्या मोकळ्या प्लॉटवर ओतल्या. त्यात माझ्या मुलाच्या वहीचं कव्हर होतं, वर त्याचं नाव. फार वाईट वाटलं हो. हे काम खासगी लोकांकडे द्यायचंच नाही का? की आपण काही चुकीचं विचारतोय?

पिंपरीचा_भंगारवाला
दादा वाईट वाटणारच, पण आतलं गणित सांगतो, वडलांपासून दुकान आहे आमचं. कचऱ्याला भाव असला की तो रस्त्यावर राहत नाही. पुठ्ठा, पेट बाटली, दुधाची पिशवी, पत्रा, यातलं काय नाल्यात दिसतं का बघा, कोणीतरी उचललेलं असतं. पेट बाटली आली की आमच्याकडच्या बायका लेबल फाडतात, बूच काढतात, बूच वेगळ्या प्लास्टिकचं असतं. एखादं राहिलं तर पुढे कारखान्यात चुरा पाण्यात टाकतात, बुचाचा चुरा तरंगतो आणि पेट खाली बसते, मग धुऊन त्याचा धागा नाहीतर दाणा बनतो. हे सगळं खासगीच आहे, सरकारचा एक रुपया नाही यात.
आता वेफर्सचं पाकीट घ्या, आतून चांदी असलेलं. दोन-अडीचशे पाकिटं वेचावीत तेव्हा कुठे किलो भरतो, आणि थर एकमेकांना असे चिकटलेले की सोडवता येत नाहीत, मग घेणार कोण? तुमच्या व्हेंडरने नेमकं तेच ओतलं असणार. त्याने केलं ते चूकच, पैसे घेतले होते त्याने. पण त्या पाकिटाला गिऱ्हाईक नाही हेही खरं आहे.

पॅकिंग_लाईन
वरच्या दादांनी मुद्द्याचं सांगितलं. मी फूड पॅकेजिंगमध्ये १४ वर्षं आहे. गिऱ्हाईक नाही ना, मग ते तयार करायची जबाबदारी पाकीट विकणाऱ्या कंपनीची, फेब्रुवारी २०२२ च्या ईपीआर (कंपनीने विकलेल्या पॅकिंगच्या कचऱ्याची जबाबदारी तिच्यावरच) नियमांनी तेच सांगितलंय. २०२४-२५ ला कडक प्लास्टिकचं ५० टक्के रिसायकलिंग आणि बहुस्तरीय पाकिटांचं ३० टक्के करायचं होतं, २०२७-२८ पर्यंत ते ८० आणि ६० वर न्यायचंय. जे रिसायकल होतच नाही ते सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतं, पण ते जाळणं झालं, त्याला रिसायकलिंग म्हणू नका. कंपनी हे स्वतः करते किंवा रिसायकलरकडून तेवढं प्लास्टिक रिसायकल केल्याचं सर्टिफिकेट विकत घेते, आणि घोळ तिथेच होतो. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला तपासणीत सहा लाखांवर खोटी सर्टिफिकेटं सापडली, त्यात महाराष्ट्रातलीही होती. म्हणून कागद बघू नका, वजनकाट्याची पावती मागा, आणि माल पुढे ज्याने घेतला त्याचं बिल.
माझं स्वतःचं मत विचाराल तर खरी सुधारणा डिझाईन टेबलवर होते. आमच्याकडे एका प्रॉडक्टचं पाकीट थर कमी करून एकाच प्लास्टिकचं केलं, दीड वर्ष लागलं, टिकण्याच्या चाचण्या दोनदा फेल गेल्या. पण आता ते पाकीट भंगारात घेतात. हे काम कंपनीशिवाय दुसरं कोणी करूच शकत नाही.

सुनंदा_ताई
व्हेंडर बदलताना एक लक्षात ठेवा, पुण्यात कचरावेचकांची स्वतःची संस्था आहे, 'स्वच्छ', २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते. आमच्या सोसायटीत मध्यंतरी एजन्सी आणली आणि आमच्या वेचक मावशींना गेटवरच अडवलं, का तर युनिफॉर्मवाली माणसं आणि टेम्पो छान दिसतो. तीन महिन्यांत मावशींचं भंगाराचं उत्पन्न गेलं आणि वर्गीकरणही बिघडलं, कारण डायपर कागदात गुंडाळून लाल ठिपका करून द्या हे घरोघरी सांगणारं कोणी उरलंच नाही. आम्ही मावशींना परत बोलावलं. खासगी धंदा हवाच, पण वेचणाऱ्याच्या हातचं काढून नको.

कोथरूडकर८४
सगळ्यांचे मनापासून आभार. काल कमिटीत बोललो, पुढच्या महिन्याचं पेमेंट थांबवलंय आणि वजनाच्या पावत्या लेखी मागितल्यात. पिंपरीचे दादा, रविवारी आम्ही चौघं तुमच्याकडे येऊन माल कसा वेगळा करतात ते बघितलं तर चालेल का? पाकिटांची एक गोणी घेऊन येतो.

पिंपरीचा_भंगारवाला
या की. सकाळी दहाच्या आत या, नंतर माल भरायची गडबड असते.