औंसाला १३ डॉलर म्हणजे स्वस्तच ना? छोट्या गोल्ड एक्सप्लोरेशन कंपन्यांबद्दल

निवांत७७:
सोन्याचा भाव कुठच्या कुठे गेला तरी कॅनडा ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच छोट्या एक्सप्लोरेशन (सोनं शोधणाऱ्या, अजून खाण नसलेल्या) कंपन्या अजून तळातच लोळतायत, म्हणून दोन-तीन बघत होतो. एकीचं मार्केट कॅप (सगळ्या शेअर्सची मिळून किंमत) २ कोटी डॉलर आणि रिसोर्स (जमिनीत असल्याचा अंदाज असलेलं सोनं) १५ लाख औंस, म्हणजे जमिनीतलं सोनं औंसाला साधारण १३ डॉलरला पडतंय. हे अंडरव्हॅल्यूड नाही तर काय? की काही बघायचं राहतंय?

दगडफोड्या:
राहतंय बरंच. ते १५ लाख औंस इन्फर्ड आहेत का ते बघा आधी. इन्फर्ड म्हणजे ड्रिलिंगची भोकं लांब लांब मारलीत आणि मधलं सोनं अंदाजाने धरलंय, त्यातून रिझर्व्ह (फायद्यात खणून काढता येईल असं सोनं) काढता येत नाही, त्यासाठी मेझर्ड नाहीतर इंडिकेटेडच (जवळजवळ भोकं मारून जास्त खात्री झालेलं) लागतं. मग ग्रेड, म्हणजे टनभर दगडात किती ग्रॅम सोनं. टनाला १ ग्रॅम वरवर असेल तर ओपन पिटमध्ये (वरून खणलेल्या उघड्या खाणीत) चालून जातं, तेच ४०० मीटर खाली असेल तर कोण हात लावणार. आणि सोनं सल्फाइडच्या आत अडकलेलं असेल तर साध्या सायनाइडने नीट सुटत नाही, प्लांटचा खर्च वाढतो.

ड्रिल रिझल्टच्या बातम्या पण जरा गणित करून वाचा. "३० मीटरला सरासरी २.१ ग्रॅम, त्यात १.५ मीटरला ४० ग्रॅम" असं छापतात. ३० गुणिले २.१ म्हणजे ६३, आणि त्यातले ६० त्या दीड मीटरमधेच संपले! उरलेल्या साडेअठ्ठावीस मीटरमधे टनाला ०.१ ग्रॅम, म्हणजे नुसता दगड.

शंकेखोर:
वरचं सगळं बरोबर पण मी तर आधी बँकेत किती पैसे उरलेत ते बघतो. या कंपन्यांना कमाई शून्य, ड्रिलिंग करायचं तर नवीन शेअर काढायचे, तेही बहुतेक वेळा बाजारभावाच्या खाली आणि वर वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क) फुकट, त्यामुळे मार्केट कॅप काढताना वॉरंट, ऑप्शन सगळे धरून शेअर मोजा.

आणि औंसाचा हिशोब दोन्ही बाजूंनी फसवतो. किनरॉस या मोठ्या खाण कंपनीने २०२२ मधे ग्रेट बेअर ही एक्सप्लोरेशन कंपनी घेतली, सुमारे १.८ अब्ज कॅनेडियन डॉलरला, आणि सौदा जाहीर झाला तेव्हा तिचा रिसोर्स आकडा निघालेलाच नव्हता. कॅनडातला रेड लेकचा सोन्याचा पट्टा आणि एकामागून एक चांगली भोकं, त्यालाच पैसे मोजले.

कोअरबॉक्स:
ब्रे-एक्स या कॅनडातल्या कंपनीचा घोटाळा विसरू नका. इंडोनेशियातलं बुसांग, नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं, १९९७ मधे सगळा फुगा फुटला. कोअर (ड्रिलिंगमधून निघणारी दगडाची कांडी) उभी चिरून अर्धी जपून ठेवतात, यांनी अख्खी भरडली म्हणजे परत तपासायला काही नकोच. त्यानंतर २००१ पासून कॅनडात एनआय ४३-१०१ (खाण कंपन्यांनी माहिती कशी जाहीर करायची त्याचा नियम) आलं. त्याखालचा टेक्निकल रिपोर्ट सेदार प्लसवर (कंपन्यांची कागदपत्रं ठेवणारी कॅनडाची साइट) फुकट मिळतो, प्रेझेंटेशन सोडा आणि तो वाचा.

निवांत७७:
रिपोर्ट उघडला. जवळपास सगळं इन्फर्ड 😅 आणि मेटलर्जीवर (दगडातून सोनं कसं सुटतं त्यावर) जेमतेम दीड पान. वॉरंट धरले तर शेअर दीडपट होतायत. आता एकच विचारतो, वॉरंटची एक्सरसाइज प्राइस (शेअर घ्यायचा ठरलेला भाव) आजच्या भावाच्या बरीच वर असेल तरी ते मोजायचेच का?

शंकेखोर:
मोजायचे. भाव तिथवर चढला की लोक वॉरंट वटवून शेअर विकायला काढतात, मग तिथेच अडकतो.