पुण्यात सेट केलेला बूस्ट कंट्रोलर, मुंबईत गेलं की लिंप मोड

कोथरूडची_आरएस
गाडी 2005 ची ऑक्टाविया आरएस, 1.8 टर्बो, 20 व्हॉल्व्ह. इंजिनात बाकी काही बदललेलं नाही. मध्यंतरी बॉल-स्प्रिंगवाला मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर (एमबीसी, म्हणजे टर्बोचा दाब पेचाने वाढवायचा व्हॉल्व्ह) बसवला. तिसऱ्या गियरला फुल थ्रॉटल दिला की गेज 0.75 बारवर जातं आणि तिथेच टिकतं. पुण्यात काहीच तक्रार नाही. पण मुंबईला निघालो आणि घाट उतरून पनवेलच्या आसपास ओव्हरटेकसाठी पाय दाबला की गाडी एकदम मरते, म्हणजे ताकद कापून लिंप मोडमध्ये जाते. किल्ली बंद-चालू केली की परत ठीक. एरर कोड 17963. गेजवर मात्र तिथेही 0.75 च दिसतं, म्हणून डोकं चालेनासं झालंय. कंट्रोलरचा व्हॉल्व्ह खराब असेल का?

चाकण_टर्बो
भाऊ, कंट्रोलरचा पेच अर्धा फेरा बाहेर घे, विषय संपला.

पिंपरीचे_काका
अर्ध्या फेऱ्याने कोड जाईल, पण का आला ते कळणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हॉल्व्ह चांगला आहे. तुझं गेजही खरं सांगतंय आणि ईसीयूही (इंजिनाचा संगणक), फक्त दोघांचं शून्य वेगळं आहे. गेज बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त ते दाखवतं. ईसीयूचा दाब मोजणारा मॅप सेन्सर निर्वातापासून मोजतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, तिथे हवेचाच दाब 950 मिलिबारच्या आसपास. त्यात तुझे 0.75 बार, म्हणजे 750 मिळव, झाले 1700. पनवेलला हवाच 1010 च्या आसपास, वर तेच 750, म्हणजे 1760. एमबीसीला हे कळायला मार्ग नाही. वेस्टगेट म्हणजे टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप. तिच्या डब्यात पडद्याच्या एका बाजूला टर्बोचा दाब असतो, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. तो त्या फरकावरच उघडतो. मूळचा एन75 (ईसीयूच्या हुकमावर बूस्ट सांभाळणारा विजेचा व्हॉल्व्ह) कामावर असता तर वरचे साठ मिलिबार ईसीयूने स्वतःच कापले असते. पुण्यात तू मर्यादेच्या अगदी कडेला चालवत होतास, घाट उतरल्यावर पलीकडे गेलास. 17963 चा अर्थच तो: दाब वरच्या मर्यादेबाहेर.

आता पाइप बघ. कॉम्प्रेसरच्या निपलवरून येणारा पाइप बॉलच्या बाजूला, दुसऱ्या बाजूचा वेस्टगेटच्या डब्याकडे. उलट लागला तर डब्याला दाबच पोचत नाही, वेस्टगेट उघडत नाही आणि बूस्ट चढतच राहतो. पाइप निसटला तरी तेच होतं. म्हणून प्रत्येक टोकाला क्लिप हवीच, पाइप आखूड आणि उष्णता सोसणारा. दाब थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डवरून कधीही घेऊ नये. थ्रॉटल अर्धवट असताना तिथे दाब कमी असतो आणि टर्बो मात्र मोकाट फिरत असतो. कंट्रोलरवर डब्याच्या बाजूला सुईएवढं छिद्र असतं, ते काहीजण गळती समजून बुजवतात. बुजवू नकोस. गॅस सोडल्यावर डब्यात अडकलेला दाब तिथूनच निघतो.

एन75 चे पाइप काढले असतील तरी त्याचा विजेचा प्लग लावलेलाच ठेव, नाहीतर वेगळा कोड येईल. आणि त्याचा जो पाइप टर्बोच्या आधीच्या रबरी नळीत जातो, ते तोंड बूच लावून बंद कर. ती जागा एअरफ्लो मीटरच्या नंतरची आहे. उघडी राहिली तर इंजिनात न मोजलेली हवा शिरते आणि मिश्रणाचा हिशेब चुकतो.

सेट करताना पेच पूर्ण बाहेर घेऊन नुसत्या वेस्टगेटवर किती दाब येतो ते आधी बघ. मग पाव-पाव फेरा आत, लॉकनट घट्ट, एक पुल (फुल थ्रॉटलची एक खेच), मग आकडे. व्हीसीडीएसवर (गाडीला लॅपटॉप जोडून ईसीयूचे आकडे वाचायचं सॉफ्टवेअर) ब्लॉक 115 मध्ये मागितलेला आणि आलेला दाब शेजारीशेजारी दिसतो. त्याहून महत्त्वाचा ब्लॉक 020: चारही सिलिंडरचं ठिणगीचं टायमिंग ईसीयूने किती मागे घेतलंय. एक-दोन अंशांना मी घाबरत नाही. चारही सिलिंडरना सहाच्या पुढे दिसलं तर बूस्ट कमी करायचा, त्यात चर्चा नाही. या गाडीचा इंटरकूलर चाकाच्या कमानीजवळचा, लहान आहे. दोन-तीन पुलनंतर तो तापतो, तेव्हाचे आकडे खरे धर. पेट्रोल नेहमीचंच ठेवून तपास. चांगल्या पेट्रोलवर सेट करून साधं भरणं हे पिस्टनशी वैर आहे. आणि हे डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर चालवून ताकद मोजायचं यंत्र) कर. तिसऱ्या गियरला सहा हजार आरपीएमपर्यंत खेचायला एक्सप्रेसवे ही जागा नव्हे, तिथे लोकांची बायकामुलं असतात.

एमबीसीच ठेवणार असशील तर समुद्रसपाटीवर, थंडीत पहाटे सेट कर. पुण्यात थोडा कमी मिळेल, पण कोड येणार नाही.

मला मनापासून विचारशील तर या गाडीवर एमबीसी नकोच. तुझ्या गाडीचा ईसीयू, बॉशचा एमई7, टॉर्कचा हिशेब करून चालतो. त्याने मागितली त्याहून जास्त हवा आली की तो थ्रॉटलची पाकळी मिटतो, टायमिंग मागे घेतो. टर्बो जास्त राबतो आणि चाकांपर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं. जिथे बूस्ट संगणकाच्या हाती नाही अशा जुन्या गाड्यांवर हाच व्हॉल्व्ह उत्तम काम करतो. तुझ्यासाठी एन75 परत जोडणं आणि नीट रिमॅप करून घेणं, म्हणजे ईसीयूच्या आतलेच आकडे बदलून घेणं, हाच रस्ता.

कोथरूडची_आरएस
काका, खूप आभार. एका मित्राच्या डायनोवर लॉग घेतला. 115 मध्ये आलेला दाब मागितल्यापेक्षा सगळीकडे वर आहे, आणि साडेचार हजारानंतर 020 मध्ये तीन सिलिंडर पाच अंशांच्या पुढे. 0.75 ला जेवढी ताकद मिळाली, जवळपास तेवढीच 0.6 ला मिळाली! सध्या 0.6 वर ठेवलाय. रिमॅप होईपर्यंत फुल थ्रॉटल बंद.

पिंपरीचे_काका
छान केलंस. रिमॅपच्या आधी सगळ्या नळ्या दाब भरून तपासून घे. वीस वर्षांच्या गाडीत रबर कुठेतरी चिरलेलं असतंच, आणि गळक्या गाडीवर केलेला मॅप गळतीसकट केलेला असतो. 020 चा लॉग रिमॅप करणाऱ्याला दाखव. तो बघायला तयार नसेल तर दुसरा शोध.

नगरची_स्कॉर्पिओ
माझ्या 2.2 एमहॉकवर बसेल का हा कंट्रोलर?

पिंपरीचे_काका
नाही. तिचा टर्बो व्हीजीटी आहे, आतली पाती फिरवून दाब सांभाळतो. तिथे वेस्टगेटच नाही, त्यामुळे हा व्हॉल्व्ह अडवणार काय? ओढ कमी वाटत असेल तर आधी व्हॅक्यूमचे पाइप आणि पात्यांची काजळी बघून घे. नवा धागा काढ, तिथे बोलू.