ब्रिनेस खाली गेला, यात रानटी काय आहे?

नॉरलँडकर

श्री. मध्यरेषा यांनी परवा येथे लिहिलेल्या 'घसरणीची रानटी प्रथा' या लेखाला दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून स्वतंत्र धागा काढतो आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : १९६० पासून स्वीडनच्या आइस हॉकीत सलग सर्वोच्च श्रेणीत खेळणारा आणि १३ अजिंक्यपदे मिळवलेला येव्ले शहराचा ब्रिनेस क्लब २०२२-२३ च्या एसएचएल (त्या सर्वोच्च लीगच्या) हंगामात तळाच्या दोघांच्या मालिकेत माल्मोकडून हरला आणि हॉकीआल्स्वेन्स्कान या दुसऱ्या श्रेणीत गेला, ज्या हिवाळ्यात ब्रिनेसचे जुने खेळाडू बोर्ये साल्मिंग वारले, त्याच हिवाळ्याच्या अखेरीस त्यांच्या क्लबची ही दशा झाली, म्हणून स्वीडनने उत्तर अमेरिकेतल्या एनएचएलप्रमाणे, जिथे कोणी खाली जात नाही, लीगचे दार कायमचे लावून घ्यावे.

त्या वर्षी अंतिम मालिका कोण खेळले, याकडे लेखकाने पाहिलेलेच दिसत नाही. वेक्शो लेकर्सने शेलेफ्टेओला हरवले. वेक्शो लेकर्स हा क्लब १९९७ मध्ये, शहरातला आधीचा क्लब दिवाळखोरीत निघाल्यावर, अगदी तळाच्या श्रेणीतून सुरू झाला, एकेक पायरी चढत २०११ मध्ये वर पोहोचला आणि २०१५, २०१८, २०२१ व २०२३ अशी चार अजिंक्यपदे घेऊन बसला. शेलेफ्टेओ १९९० मध्ये खाली गेला होता, तो २००६ मध्ये वर आला. १९९६ मध्ये कोणी दार लावून घेतले असते, तर २०२३ ची अंतिम मालिका खेळायला या दोघांपैकी एकही संघ तेथे नसता.

'एका मालिकेने नशीब फिरवले' ही तक्रार तर मला समजतच नाही. त्या मालिकेआधी प्रत्येक संघ ५२ सामने खेळतो. पहिले सहा थेट उपान्त्यपूर्व फेरीत जातात, सातवा ते दहावा पहिल्या बाद फेरीत झुंजतात, अकरावा आणि बारावा काहीही न खेळता सुखरूप घरी जातात. म्हणजे चौदांपैकी बारा संघांच्या मागे राहण्याची कामगिरी सप्टेंबरपासून मार्चपर्यंत सातत्याने करावी लागते, तेव्हा कुठे त्या मालिकेत स्थान मिळते, आणि तेथेही चार वेळा हरल्याशिवाय कोणी कोणाला खाली ढकलत नाही.

साल्मिंग यांचा उल्लेख मला खटकला. किरुनाहून आलेला तो मुलगा ब्रिनेसबरोबर १९७१ आणि १९७२ मध्ये अजिंक्य ठरला, १९७३ मध्ये एनएचएलमध्ये टोरोंटोला गेला आणि युरोपीय खेळाडू मार खाऊन पळून जातात, हा तिथला समज त्याने पुसून टाकला. नोव्हेंबर २०२२ मध्ये एएलएस या मज्जातंतूंच्या असाध्य आजाराने त्यांचा अंत झाला, तेव्हा संपूर्ण देश हळहळला. त्या दुःखाचा उपयोग गुणतक्त्यावरच्या तक्रारीसाठी करणे शोभत नाही. शिवाय ब्रिनेस एका वर्षात परत आला आणि २०२५ मध्ये अंतिम मालिकेत लूलेओशी सहा सामने खेळला. रानटी प्रथेचा बळी असा दिसतो का?

मध्यरेषा

माझ्या लेखाचा आपण जो सारांश दिला आहे, त्यात मी लिहिलेले अर्धेच आले आहे. सोयीचे तेवढे उचलण्याची पद्धत जुनीच आहे. मी प्रथेला नव्हे, तर २०२०-२१ पासून आलेल्या तिच्या आजच्या स्वरूपाला रानटी म्हटले होते. त्याआधी तळाच्या संघाला खालून आलेल्या संघाशी खेळून आपली जागा राखता येत असे. आता खालच्या श्रेणीचा विजेता थेट वर येतो, त्यामुळे तळाच्या दोघांपैकी एकाला जावेच लागते. त्याचा परिणाम पाहा : २०२१ मध्ये एचव्ही७१, २०२२ मध्ये स्टॉकहोमचा युरगोर्डन, २०२३ मध्ये ब्रिनेस. पाच, सोळा आणि तेरा अशी एकूण चौतीस अजिंक्यपदे तीन वसंत ऋतूंत खाली गेली.

ब्रिनेस एका वर्षात परतला, हे उदाहरण देताना जे परतले नाहीत त्यांच्याकडे आपण कानाडोळा करता. मोडो २०१६ मध्ये गेला, त्याला परतायला २०२३ उजाडले आणि २०२५ मध्ये तो पुन्हा खाली गेला. ओर्नशोल्ड्सविकसारख्या लहान गावाने फोर्सबर्ग, नेसलुंड, सेडिन बंधू आणि हेडमन हे नामवंत खेळाडू दिले, त्या गावाच्या क्लबची ही कथा आहे. युरगोर्डन २०२३ आणि २०२४ अशा दोन्ही वर्षी बढतीच्या अंतिम मालिकेत हरला. शेलेफ्टेओची सोळा वर्षे आपण एका वाक्यात उरकलीत; त्या सोळा वर्षांच्या सुरुवातीला तिथे जन्मलेले मूल स्थानिक संघाला वरच्या श्रेणीत एकदाही न पाहता दहावीला पोहोचले असते.

दूरचित्रवाणीचा पैसा एका रात्रीत आटतो, कर्मचारी कमी होतात, आणि ती भीती जानेवारीपासूनच प्रशिक्षकाच्या मानगुटीवर बसते. मग तो एकोणीस वर्षांच्या मुलाला बाकावर बसवतो आणि परदेशातून तिशी उलटलेला खेळाडू आणतो. खरे नुकसान तेथे होते.

तिसरी फळी

शेवटचा मुद्दा निखालस चुकीचा आहे, आणि तोही त्याच हंगामाच्या पुराव्याने. २०२२-२३ मध्ये लिओ कार्लसन ओरेब्रूसाठी ४४ सामने खेळला, २५ गुण मिळवले, आणि त्यातला बराच हंगाम तो सतरा वर्षांचा होता. जूनमध्ये एनएचएलच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत अॅनाहाइमने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. त्याच निवडीत शेलेफ्टेओचा आक्सेल सांडिन पेलिका सतराव्या क्रमांकावर डेट्रॉइटकडे गेला. लीग मुलांना संधी देत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आधी सामने पाहावेत.

मध्यरेषा

ओरेब्रू त्या वर्षी बाद फेरीत होता आणि शेलेफ्टेओ अंतिम मालिकेत. मी तळाच्या संघांबद्दल बोलतो आहे. आपण वाचता की नुसते उत्तर देता?

कॉफीवाली आई

मुलांचा विषय निघालाच आहे, तर मला सविस्तर लिहू द्या, कारण येथे लिहिणाऱ्या बहुतेकांनी रिंक फक्त प्रेक्षक म्हणून पाहिलेली दिसते. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना आम्ही उत्तरेकडे राहायला आलो आणि वर्गातली सगळी मुले स्केट करतात म्हणून तोही करू लागला. कोल्हापुरात वाढलेल्या माझ्यासारखीला पहाटे साडेसहाच्या सरावासाठी अंधारात गाडीवरचा बर्फ खरवडण्याचे काही कौतुक नव्हते, पण मुलगा रमला. संघासाठी टॉयलेट पेपरचे गठ्ठे शेजाऱ्यांना विकले, कियॉस्कमध्ये कॉफी आणि सॉसेज विकण्याच्या पाळ्या केल्या, आणि नवऱ्याने वेळनोंदीच्या टेबलावर बसायचे प्रशिक्षणसुद्धा घेतले. हे सगळे पालक करतात, म्हणून तो क्लब चालतो.

पुढे तो वीस वर्षांखालील संघापर्यंत पोहोचला. त्या वर्षी आमच्या भागातला तो क्लब तळाला गेला, आणि ज्या मुलांना मोठ्या संघाबरोबर सरावाला बोलावण्याचे कबूल केले होते, त्यांच्या जागी हिवाळ्याच्या मध्यावर बाहेरचे खेळाडू आले. आम्हाला कोणी एक पत्रसुद्धा पाठवले नाही. मुलाने वसंतात स्केट विकून टाकले. श्री. मध्यरेषा यांच्या बंद लीगशी मला काही देणेघेणे नाही, पण भीतीबद्दल ते जे लिहितात ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. श्री. तिसरी फळी, तुमचा कार्लसन हा लाखातला एक असतो. उरलेल्यांच्या आया कॉफी विकत असतात.

तिसरी फळी

आपल्या मुलाबद्दल वाईट वाटते, आणि हे मी उपहासाने म्हणत नाही. परंतु वीस वर्षांखालील संघातल्या बहुतेक मुलांना वरच्या श्रेणीत जागा मिळत नाही. घसरण असो वा नसो, चौदा संघांत जागाच मर्यादित आहेत. उलट खालची श्रेणी जिवंत आहे म्हणून अशा मुलांना तेथे खेळता येते आणि तेथून वर चढता येते. बंद लीग केली, तर खालच्या क्लबांना वर जाण्याची आशा उरणार नाही, प्रायोजक जातील, आणि मग त्या मुलांनी कोठे खेळावे?

कॉफीवाली आई

'खाली खेळता येते' हे दादा, घरभाडे भरायला लागेपर्यंत ठीक असते. शिवाय मी बंद लीग मागितलेलीच नाही, हे पुन्हा वाचावे. माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक सामन्यात क्लबच्या स्वतःच्या तालमीत वाढलेले काही खेळाडू चमूत असण्याचे बंधन घालावे, म्हणजे घाबरलेल्या प्रशिक्षकालाही त्यातून सुटका मिळणार नाही.

नॉरलँडकर

ताई, ते बंधन लेक्सांडला परवडेल का, याचा विचार करा. त्या गावाची लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास आणि रिंकमधल्या जागा साडेसात हजारांहून अधिक. तेथे दर पिढीला पुरेशी मुले जन्माला येतीलच, याची हमी कोण देणार? स्टॉकहोम आणि गोथेनबर्गच्या क्लबांना असा नियम फुकटात पडतो. मुलांच्या नावाने आणलेला प्रत्येक नियम शेवटी मोठ्या शहराच्या पदरात दान टाकतो, हे मी इतकी वर्षे पाहत आलो आहे.

कॉफीवाली आई

तुम्हाला प्रत्येक गोष्टीत स्टॉकहोम दिसते. मी ज्या क्लबबद्दल लिहिले, तो स्टॉकहोमपासून रात्रभराच्या प्रवासावर आहे, आणि मुलांची कमतरता हे त्याचे दुखणे कधीच नव्हते. मुले होती, ती बाकावर बसलेली होती.

पुणे तीस

दुरून वाचणारा एक प्रेक्षक म्हणून विचारतो : आयपीएलमध्ये कोणीही खाली जात नाही, तरी स्पर्धा उत्तम चालते. मग स्वीडनमध्ये एवढा गहजब कशासाठी?

नॉरलँडकर

पुण्यात राहून आपण हा प्रश्न विचारावा, याचे आश्चर्य वाटते. बंद लीगने आपल्या शहराला काय दिले? पुणे वॉरियर्स २०१३ मध्ये संपला. नंतर आलेला रायझिंग पुणे २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने हरला आणि पुढच्या वर्षी तो संघच अस्तित्वात नव्हता. ब्रिनेस हरला तेव्हा खाली गेला, पण येव्लेतच राहिला, कारण तो कोणा उद्योगपतीच्या खिशात नसून सभासदांचा आहे. संघ चालवायला कंपनी काढली, तरी मतांचे बहुमत सभासद-संस्थेकडेच राहिले पाहिजे, असा स्वीडिश क्रीडासंघटनेचा नियम आहे.

पुणे तीस

रायझिंग पुणे मुळात दोनच वर्षांसाठी, दोन निलंबित संघांच्या जागी आणलेला होता, एवढे तरी सांगायचे होते. उदाहरण अर्धेच वापरलेत. तरी शहराच्या हाती काही उरले नाही, हे मात्र खरे. जखमेवर मीठ चोळल्याबद्दल आभार.

बॅटरीवाला

मी शेलेफ्टेओला बॅटरीच्या कारखान्यासाठी आलो होतो, त्यामुळे २०२३ ची अंतिम मालिका मी हरणाऱ्यांच्या गावात बसून पाहिली आणि २०२४ चे अजिंक्यपद त्याच गावात साजरे केले. मार्च २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि आम्ही बरेच जण पांगलो. जुन्या सहकाऱ्यांपैकी जे स्थानिक होते, त्यांना मी नव्वदच्या दशकाबद्दल विचारले होते. श्री. मध्यरेषा म्हणतात तशी ती वर्षे त्यांना वाया गेलेली वाटत नाहीत. त्यांच्यातला एक जण त्या काळाबद्दल अजिंक्यपदांपेक्षा जास्त वेळ बोलत असे. याला पुरावा म्हणत नाही, पण ज्यांनी सोळा वर्षे सोसली त्यांच्या वतीने दुसऱ्यांनी किती रडावे, यालाही मर्यादा असावी.

मध्यरेषा

सोळा वर्षांनंतर तीन अजिंक्यपदे मिळाली की सगळ्यांनाच जुने दिवस गोड वाटतात. २०२४ मध्ये खाली गेलेल्या ओस्कर्सहाम्नमध्ये जाऊन हाच प्रश्न विचारा आणि मग येथे लिहा.

वेक्शोचे उदाहरण मात्र मी श्री. नॉरलँडकर यांना बक्षीस देऊन टाकतो. १९९७ मध्ये तळातून निघालेल्या क्लबसमोर माझ्या बंद लीगचे चालत नाही, आणि ती मागणी मी येथेच सोडतो. आता त्यांनी माझ्या दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर द्यावे, जो ते सुरुवातीपासून टाळत आहेत. तळाच्या संघाला खालच्या श्रेणीच्या विजेत्याशी खेळू द्या. तो जिंकला तर राहील, हरला तर जाईल. यात दारही उघडे राहते आणि दर वर्षी एका क्लबचा बळी देण्याची सक्तीही संपते. २०२३ मध्ये ब्रिनेसला मोडोशी खेळून जागा राखण्याची संधी का नसावी?

नॉरलँडकर

टाळले नव्हते, आपण मध्येच ज्युनिअरांचा बाजार मांडलात. जुन्या पद्धतीने कोणाला वाचवले, ते पाहू. २०१५ मध्ये माल्मोने लेक्सांडला खाली ढकलले आणि पुढच्याच वर्षी लेक्सांडने मोडोला. ज्या मोडोसाठी आपण अश्रू ढाळलेत, तो आपल्या आवडत्या पद्धतीनेच गेला होता. शिवाय वरचा संघ वर्षभर मोठ्या पैशावर पोसलेला असतो. खालून आलेल्या संघाने आपली लीग जिंकावी आणि वर पुन्हा त्याच्याशी सात सामने खेळावे, हे 'उघडे दार' नव्हे. मोडोने २०२३ मध्ये युरगोर्डनला बढतीच्या अंतिम मालिकेत हरवून जागा कमावली होती. ती ब्रिनेससमोर पुन्हा का पणाला लावावी?

मध्यरेषा

लेक्सांड वर आला, मोडो खाली गेला, म्हणजे ती पद्धत दोन्ही दिशांना चालत होती, हे आपणच सिद्ध केलेत. धन्यवाद. आणि ब्रिनेसऐवजी त्या वसंतात युरगोर्डन तळाला असता, तर स्टॉकहोमच्या बाजूने आपण एवढ्या तळमळीने 'कमावलेली जागा' म्हणाला असता का, याची मला शंका आहे.

नॉरलँडकर

युरगोर्डन त्याच्या आदल्याच वर्षी तळाला होता आणि टिम्रोकडून हरून गेला. नंतर तीन हंगाम राजधानीचा एकही संघ एसएचएलमध्ये नव्हता आणि लीग व्यवस्थित चालली. आकस म्हणाल तर तो आहेच, लपवत नाही. ताईंच्या नियमाबद्दल मात्र वेगळा धागा काढावा. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार नाही, आणि तो ब्रिनेसपेक्षा मोठा आहे, एवढे नाइलाजाने मान्य करतो.

कॉफीवाली आई

धागा तुम्हीच काढा. शनिवारी घरच्या सामन्याला माझी पाळी आहे. धाकटी आता बारा वर्षांखालील संघात खेळते.